आधी जागा, मग गाडी: आर.व्ही.वाल्यांचे प्रश्न

मुलगा-मुलगी अमेरिकेत, आपण भेटायला जाणार, आणि यंदा हॉटेलं नकोत, आर.व्ही. घेऊन नॅशनल पार्क करायचे, हे आता इंदूरच्या घराघरात ऐकू येतं. आर.व्ही. म्हणजे ज्या गाडीतच पलंग, गॅस, फ्रिज आणि संडास असतो ती. भाड्यानं सहज मिळते, चालवायला वेगळं लायसन लागत नाही, इथवर सगळं गोड आहे. गाडी रात्री उभी कुठे करायची आणि त्याचे पैसे कसे भरायचे, या दोन गोष्टींवर मात्र पत्रांचा ढीग झालाय. त्यातली काही घेतली आहेत, सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न: मुलगा सॅन होजेला आहे. जुलैत आम्ही दोघं, मुलगा-सून आणि दोन नातवंडं असे सहा जण कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी नॅशनल पार्कला जाणार. त्याने तीस फुटी आर.व्ही. बुक करून टाकली, आता पार्कात जागाच मिळत नाहीये. गाडीतच झोपायचंय तर रस्त्याच्या कडेला कुठेही लावता येत नाही का? (राजेंद्रनगर, इंदूर)

नाही हो काका, तिथे अजिबात चालत नाही. योसेमिटीत गाडीत झोपायचं तरी कॅम्पसाइटचं, म्हणजे रात्री गाडी लावायच्या ठरलेल्या जागेचं, बुकिंग लागतंच, पार्किंगमध्ये किंवा वळणावर गाडी लावून झोपलात तर रेंजर रात्री काच वाजवून उठवतो आणि दंड होतो तो वेगळा.

आणि दर वेळी उलटं होतं ते इथेच. सगळे आधी गाडी घेतात, तीही मोठ्यात मोठी, आणि मग जागा शोधायला बसतात. आधी जागा बघा, तिची लांबी बघा, मग त्यात मावेल ती गाडी घ्या. गाड्या महिनाभर आधीसुद्धा मिळतात, योसेमिटी व्हॅलीतली, म्हणजे पार्कातल्या मुख्य दरीतली, जागा नाही मिळत.

आता ती मिळते कशी ते. बुकिंग रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी साइटवर होतं. व्हॅलीत आर.व्ही. नेता येईल असे तीन कॅम्प आहेत, अपर पाइन्स, लोअर पाइन्स आणि नॉर्थ पाइन्स. दर महिन्याच्या १५ तारखेला, कॅलिफोर्नियाच्या सकाळी ७ वाजता, पुढच्या एका महिन्याभराच्या तारखा एकदम उघडतात, जास्तीत जास्त पाच महिने आधी. तुमच्या रात्री नेमक्या कुठल्या १५ तारखेला उघडतात ते साइटवर आधीच बघून ठेवा. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात (तिकडचं घड्याळ मार्चमध्ये पुढे सरकलं की नोव्हेंबरपर्यंत साडेसात). त्या रात्री लॅपटॉप उघडून बसायचं असं समजा. उन्हाळ्याच्या शनिवार-रविवारच्या जागा काही मिनिटांत जातात, दिवाळीत अवंतिका एक्सप्रेसचं तत्काळ काढल्यासारखंच आहे ते, लॉगिन आधी करून ठेवा, कार्ड सेव्ह करून ठेवा, आणि एकच जागा धरून बसू नका, चार-पाच जागांचे नंबर कागदावर लिहून ठेवा.

ते नंबर निवडायचे कसे, तर प्रत्येक जागेचं आपलं वेगळं पान असतं, त्यावर गाडीची जास्तीत जास्त लांबी लिहिलेली असते. पूर्ण कॅम्पची मर्यादा वेगळी आणि त्या एका जागेची वेगळी, लोकांचा घोटाळा तिथेच होतो. अपर पाइन्समध्ये ३५ फुटांपर्यंतची आर.व्ही. चालते, लोअर आणि नॉर्थमध्ये ४० पर्यंत, हे खरं, पण आतल्या पुष्कळ जागा त्यापेक्षा कितीतरी आखूड आहेत. तीस फुटी गाडी घेतलीत की त्या सगळ्या तुमच्यासाठी बादच. पंचवीस फुटी असती तर यादी बरीच लांब झाली असती. लांबी मोजायची ती बंपरपासून बंपरपर्यंत, मागे सायकलींचा स्टँड असेल तर तोही धरून. त्याच पानावर बॅक-इन की पुल-थ्रू तेही दिलेलं असतं. पुल-थ्रूमध्ये गाडी समोरून आत आणि समोरूनच बाहेर. बॅक-इनमध्ये रिव्हर्स घ्यायची, पहिल्यांदाच चालवणाऱ्याला झाडांमधून ती घेताना घाम फुटतो, तेव्हा एकाने खाली उतरून मागे उभं राहायचंच, आणि त्याला वरच्या फांद्यांकडेही बघायला सांगा, लोक फक्त चाकांकडे बघत राहतात. जागा थोडी उतारावर असली तर चाकाखाली ठोकळे लागतात, ते गाडी घेतानाच मागून घ्या, कारण गाडी तिरकी राहिली तर रात्री डोकं खाली पाय वर अशी झोप होते.

माणसांचं म्हणाल तर तिथे एका जागेवर सहा जणांना परवानगी, पोरं धरून. तुम्ही बरोब्बर सहा आहात, बहिणीला सोबत घेऊ नका आता.

यंदाच्या जुलैसाठी अजून आशा आहे. लोक कॅन्सल करतात, सारखे करतात. साइटवर जागा सुटली की कळवा अशी सोय आहे, ती मुलाला चालू करायला सांगा, आणि सलग तीन रात्रींचा हट्ट सोडा, सोमवार ते गुरुवारमधल्या एक-दोन रात्री मिळतात का बघा.

प्रश्न: हुकअप, फुल हुकअप हे काय प्रकरण आहे? माझ्या मिस्टरांना रात्री सीपॅप मशीन (झोपेत श्वास नीट चालावा म्हणून हवा देणारं) लागतं, त्यामुळे लाइट हवीच. सून म्हणते पार्कात लाइट नसते. (दौलतगंज, ग्वाल्हेर)

सून बरोबर म्हणते, पण प्रत्येक पार्कात वेगळं आहे.

जागेजवळ एक लोखंडी खांब असतो त्यात विजेचं सॉकेट, शेजारी पाण्याचा नळ, आणि जमिनीत झाकण असलेलं ड्रेनेजचं तोंड. तिन्ही असलं की फुल हुकअप. बऱ्याच जागी यातलं एक किंवा दोनच असतं, आणि नॅशनल पार्कात बहुतेक ठिकाणी यातलं काहीच नसतं. योसेमिटीत तर एकाही कॅम्पमध्ये हुकअप नाही. ग्रँड कॅन्यनच्या साउथ रिमला दोन कॅम्प जवळजवळ आहेत, त्यातल्या मॅथरमध्ये हुकअप नाही, आणि ट्रेलर व्हिलेजमध्ये फुल हुकअप आहे, तो खाजगी कंपनी चालवते त्यामुळे बुकिंगही तिच्याच साइटवर. यलोस्टोनमध्ये फक्त फिशिंग ब्रिज आर.व्ही. पार्कला फुल हुकअप. डेथ व्हॅलीत फर्नेस क्रीकला अशा फक्त १८ जागा. झायनला वॉचमन कॅम्पच्या ए आणि बी या दोन भागांत (लूपमध्ये) वीज मिळते.

सीपॅपसाठी वॉचमन आणि ट्रेलर व्हिलेज तुम्हाला एकदम सोयीचे. जिथे वीज नाही तिथे जनरेटर लावू असं कुणी सांगेल, पण तो रात्री लावता येत नाही, योसेमिटीत सकाळी ७ ते ९, दुपारी १२ ते २ आणि संध्याकाळी ५ ते ७ एवढाच वेळ मिळतो, वॉचमनमध्ये तर जनरेटरला बंदीच आहे. आर.व्ही.च्या आतले दिवे बॅटरीवर चालतात, पण भिंतीतलं सॉकेट हुकअप किंवा जनरेटरशिवाय बहुतेक भाड्याच्या गाड्यांत बंद असतं. म्हणून मशीनच्या कंपनीकडून १२ व्होल्टची वायर आणि वेगळी बॅटरी घ्या, आणि डॉक्टर हो म्हणाले तर ह्युमिडिफायर (हवा ओलसर करणारा भाग) बंद ठेवा, सगळ्यात जास्त वीज तोच खातो. दोन रात्री वीज नसलेल्या जागी, मग एक रात्र वीज असलेल्या जागी असा बेत केला की बॅटरीही भरून निघते.

बाकी घरच्यांना फुल हुकअपची खरंच गरज असते का? माझं मत विचाराल तर नाही. पार्काच्या आतल्या जागेचे पैसे आपण देतो ते नदीकाठासाठी आणि झाडांसाठी, सकाळी उठून दार उघडलं की समोर कडा दिसतो त्यासाठी. एसी आणि मायक्रोवेव्ह हवा असेल तर तो पार्काबाहेर मिळतो आणि आरामात मिळतो. योसेमिटीच्या पाइन्सला रात्रीचे ३६ डॉलर पडतात, फिशिंग ब्रिजला शंभरच्या आसपास, वर टॅक्स.

एक काम मात्र कुणीतरी अंगावर घ्यावं लागतं. गाडीत पाण्याच्या तीन टाक्या असतात, एक स्वच्छ पाण्याची, एक सिंक-बाथरूमच्या सांडपाण्याची, आणि एक संडासाची. हुकअप नसलं की शेवटच्या दोन टाक्या डंप स्टेशनवर जाऊन रिकाम्या करायच्या. हातमोजे घालायचे, जाड पाइप जमिनीतल्या तोंडात घट्ट बसवायचा, आधी संडासाची टाकी सोडायची आणि नंतर सांडपाण्याची, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुतला जातो. उलटं केलं तर पाइप घाणच राहतो. जावई असला तर त्याच्याकडे द्यायला हरकत नाही, पण पहिल्या वेळी सासऱ्याने शेजारी उभं राहावं असं मला वाटतं.

प्रश्न: बुकिंग इथूनच माझ्या कार्डाने केलं तर चालेल ना? मुलीला ऑफिसमुळे वेळ नसतो. आणि कॅन्सल केलं तर किती जातात? (दांडिया बाजार, वडोदरा)

कार्ड चालतं, नाव अडतं. योसेमिटीत ज्याच्या नावावर बुकिंग आहे ती व्यक्ती आयडी घेऊन तिथे हजर असावी लागते, आणि बुकिंग दुसऱ्याला देता किंवा विकता येत नाही. तेव्हा तुमच्या नावावर केलंत आणि ऐनवेळी तुम्हाला सर्दी झाली म्हणून मुलगी-जावई दोघंच गेले तर गेटवर पंचाईत. अकाउंट मुलीचं, कार्ड तुमचं, हा सोपा मार्ग. संध्याकाळी इथे तुम्ही बसा, तिची मीटिंग चालू राहू दे.

कार्डावर इंटरनॅशनल व्यवहार बँकेच्या ॲपमधून आधी चालू करून घ्या, आपल्याकडे ते आपण होऊन चालू केल्याशिवाय नसतात. बहुतेक बँका वर साडेतीन टक्क्यांपर्यंत मार्कअप लावतात, पैसे परत आले तर त्या दिवशीच्या डॉलरच्या भावाने येतात, आणि कुठे रुपयात भरू का असं विचारलं तर डॉलरच निवडा, रुपयात त्यांचा भाव महाग पडतो. मुलीचं तिकडचं कार्ड असेल तर ही सगळी भानगडच नको.

कॅन्सलचा हिशोब सरकारी साइटचा असा. समजा तीन रात्रींचे १०८ डॉलर भरले. बरंच आधी रद्द केलं तर १० कापून ९८ परत. पोचायच्या आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी रद्द केलं तर १० आणि शिवाय पहिल्या रात्रीचे ३६, म्हणजे ६२ परत. न कळवता गेलाच नाहीत तर २० आणि पहिली रात्र. म्हणून जायचं नाही असं ठरलं की दोन दिवस आधीच बटण दाबून टाका, दुसऱ्या कुणाला जागाही मिळते. तारखा बदलायलाही १० डॉलर. हे फक्त सरकारी साइटचं, पार्कातल्या खाजगी कंपन्यांचे आणि बाहेरच्या आर.व्ही. पार्कांचे नियम त्यांचे त्यांचे, काही ठिकाणी आठवडाभर आधी रद्द न केल्यास एक रात्र जाते, भरण्याआधी ते वाचा.

प्रश्न: कॅम्पचे पैसे भरले म्हणजे पार्कात जायचे वेगळे द्यायचे नाहीत ना? माझे भाऊ ग्रीन कार्डवाले आहेत, वय ६८, आम्ही टुरिस्ट व्हिसावर. (सुदामानगर, इंदूर)

वेगळे द्यायचेच. कॅम्पचं भाडं म्हणजे रात्रीची जागा, गेटचे पैसे निराळे, मोठ्या पार्कात गाडीमागे ३५ डॉलर आहेत. वर्षाचा पास तिकडे राहणाऱ्यांना ८० डॉलरला. २०२६ च्या १ जानेवारीपासून बाहेरच्या देशातल्यांसाठी बदल झालाय, त्यांचा वर्षाचा पास २५० डॉलरचा, आणि पास नसेल तर योसेमिटी, यलोस्टोन, ग्रँड कॅन्यन, झायन, ग्लेशियर अशा अकरा गर्दीच्या पार्कांत १६ वर्षं आणि त्यावरच्या माणसामागे १०० डॉलर जादा. म्हणजे तुम्ही दोघं दोन पार्क करणार असाल तर जादाचेच ४०० होतात, त्यापेक्षा २५० चा पास परवडला. निघण्याआधी त्या त्या पार्कच्या सरकारी पानावर फीचा भाग एकदा बघून घ्या, आणि पासपोर्ट गाडीत वर ठेवा, बॅगेच्या तळाशी नको. पुष्कळ गेटवर रोख घेत नाहीत, कार्डच लागतं.

तुमच्या भावाचं मात्र घबाड आहे. ६२ वर्षं आणि त्यावरच्या नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांना सीनियर पास मिळतो, आयुष्यभराचा ८० डॉलर किंवा वर्षाचा २०, आणि त्यावर सरकारी कॅम्पमध्ये भाडं निम्मं होतं. बुकिंग त्यांच्या अकाउंटवरून करा, पासचा नंबर टाका, आणि ते स्वतः सोबत हवेत. खाजगी कंपनीच्या हुकअपवाल्या जागांवर ही सूट मिळेलच असं धरून चालू नका.

प्रश्न: लास वेगासहून झायन आणि ब्राइस करायचंय, पंचवीस फुटी गाडी घेतोय. काही अडचण? (तिलकनगर, इंदूर)

बोगदा. झायनमधून पूर्वेला निघताना झायन-माउंट कार्मेल बोगदा लागतो, १९३० सालचा, तेव्हाच्या गाड्यांच्या मापाचा, सव्वा मैलाला थोडा कमी. भाड्याच्या पंचवीस फुटी आर.व्ही. रुंदीत ७ फूट १० इंच किंवा उंचीत ११ फूट ४ इंचाच्या वर जातातच. आजवर अशा गाड्यांसाठी १५ डॉलर घेऊन समोरची वाहतूक थांबवायचे आणि मधून सोडायचे, पण २०२६ च्या जूनपासून मोठ्या गाड्यांना तिथून बंदी करायचं पार्कनं जाहीर केलंय. तेव्हा हरिकेन, फ्रेडोनिया, कनॅब असं वळसा घालून जायचं धरा, आणि गूगल मॅप काय म्हणतो त्याच्यावर जाऊ नका, त्याला तुमची गाडी कारच वाटते.

झायनमध्ये वॉचमन मिळाला तर उत्तम, सहा महिने आधी उघडतो. गाडी एकदा लावली की हलवायची नाही, व्हिजिटर सेंटर चालत जाण्याच्या अंतरावर आहे, तिथून फुकट शटल आत जाते. नाही मिळाला तर गेटच्या बाहेर लागून स्प्रिंगडेल गाव आहे, तिथे खाजगी आर.व्ही. पार्क आहेत.

असंच ग्लेशियरचं. त्याच्या प्रसिद्ध गोइंग-टू-द-सन रोडवर मधल्या घाटात २१ फुटांच्या वरची गाडी जातच नाही, तिथे आर.व्ही. कॅम्पला ठेवून दुसरी सोय बघावी लागते.

प्रश्न: चिवडा, लोणचं, शेव बरोबर नेलं तर अस्वल येतं म्हणतात, खरं का? (रामबाग, इंदूर)

वासाला येतं, मग तो लसणाच्या शेवेचा असो की टूथपेस्टचा. योसेमिटीत पक्क्या भिंतींच्या आर.व्ही.त खाणं ठेवता येतं, पण बाहेर पडताना खिडक्या-दारं बंद आणि काही दिसेल असं टेबलावर नको. जेवण बाहेर मांडलं असेल तर "दोन मिनिटांत येते" म्हणून उठून जायचं नाही. जागेवर लोखंडी कपाट असतं, बाहेरचं सामान त्यात. फिशिंग ब्रिजला तर अस्वलांमुळेच तंबू लावायला बंदी आहे, पक्क्या गाड्याच चालतात. शेव न्या हो, डब्याचं झाकण घट्ट लावा फक्त.

प्रश्न: आपल्याकडे कान्हा-पेंचला असं कॅरॅव्हॅन घेऊन राहता येईल का? (लोकमान्यनगर, इंदूर)

आत नाही. कोअर भागात सफारी नोंदणी झालेल्या जिप्सीतून आणि गाइड घेऊनच होते, परमिट एमपी ऑनलाइनवर. १ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर बंद, बुधवारी दुपारची फेरीही नसते. बाहेरच्या एखाद्या रिसॉर्टवाल्याने आवारात गाडी लावू दिली तर त्याच्याशी बोलून होईल.

प्रश्न: यलोस्टोनला चार रात्री आहेत. एकाच कॅम्पला राहावं की बदलावं? आणि आत काहीच मिळालं नाही तर? (अलकापुरी, वडोदरा)

बदला. आतला मुख्य रस्ता इंग्रजी आठच्या आकाराचा आणि १४२ मैलांचा आहे, वर जागोजागी बायसन रस्त्यात उभे, एका टोकाला राहून रोज दुसऱ्या टोकाला जाणं म्हणजे दिवस गाडीतच. मॅडिसन, कॅन्यन, ग्रँट व्हिलेज, ब्रिज बे आणि फिशिंग ब्रिज ही पाच झँटेरा कंपनीकडे आहेत, तिचं बुकिंग वर्षभर आधीपासून चालू असतं, बाकीची रिक्रिएशन डॉट गव्हवर. मॅडिसनला दोन रात्री घ्या, ओल्ड फेथफुल तिथून १६ मैल. मग दोन फिशिंग ब्रिजला, तळं आणि हेडन व्हॅली त्या बाजूला.

आत काहीच नाही मिळालं तर वेस्ट यलोस्टोन गावात हुकअपवाले खाजगी पार्क आहेत, ग्रँड कॅन्यनला जाणाऱ्यांसाठी तसंच टुसायान. त्याहून स्वस्त म्हणजे आजूबाजूची नॅशनल फॉरेस्टची आणि बी.एल.एम.ची (सरकारी जमिनी सांभाळणारं खातं) सरकारी जमीन, तिथे पुष्कळ ठिकाणी फुकट राहता येतं, साधारण १४ दिवसांपर्यंत, पण पाणी-संडास काही नाही, कच्चे रस्ते, आणि भाड्याच्या गाडीच्या करारात कच्च्या रस्त्याला मनाई असते ती आधी बघा. आजी-आजोबा बरोबर असतील तर मी हा पर्याय घेणार नाही. वाटेत एखादी रात्र काढायला काही वॉलमार्ट आपल्या पार्किंगमध्ये थांबू देतात, आत जाऊन मॅनेजरला विचारायचं, खुर्च्या-शेगडी बाहेर मांडायची नाही.

चारही रात्री आत मिळाल्या तर मॅडिसनच्या दोन आधी आणि फिशिंग ब्रिजच्या दोन नंतर असाच क्रम ठेवा, म्हणजे तिसऱ्या दिवशी टाक्या जागेवरच रिकाम्या होतात, सगळ्यांच्या गरम पाण्याने अंघोळी होतात, आणि गाडी परत करताना टाक्या भरलेल्या दिल्या म्हणून कंपनी जे जादा पैसे लावते तेही वाचतात.